सेमिनरी शिक्षण आणि मराठी भाषा : कॅथलिक धर्मगुरू व प्रापंचिकांच्या ईशज्ञान अध्ययनाचा परिचय

प्रस्तावना

सावनेरहून नागपूरला नित्य ये-जा करणाऱ्या प्राध्यापकांना 'सेमिनरी हिल्स' हे नाव परिचित आहे. जपानी उद्यान, बालोद्यान, १९५६ मध्ये स्थापन झालेले सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय यांमुळे ही टेकडी नागपूरकरांच्या नित्य बोलण्यात असते. मात्र टेकडीला हे नाव ज्या संस्थेमुळे मिळाले, त्या सेंट चार्ल्स सेमिनरीत नेमके काय शिकवले जाते, किती वर्षे शिकवले जाते आणि कोणत्या भाषेत शिकवले जाते, याची माहिती उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाही क्वचितच असते. ज्ञानदानाची एक स्वतंत्र, दीर्घ परंपरा असलेली ही व्यवस्था आपल्या शेजारी असूनही आपल्या चर्चेच्या बाहेर राहिली आहे.

प्रस्तुत लेखात या शिक्षणव्यवस्थेचा उगम, महाराष्ट्र व गोव्यातील तिची वाटचाल, तिचा अभ्यासक्रम आणि अलीकडे त्यात प्रापंचिकांना मिळालेले स्थान यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर एका प्रश्नाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. मराठी भाषकांची सेवा करणारा धर्मगुरू ज्या भाषेत घडतो आणि ज्या भाषेत त्याला आपल्या माणसांशी बोलावे लागते, त्या दोन भाषांत अंतर पडले तर त्या शिक्षणाचे काय होते? हा प्रश्न एका धर्मसमाजापुरता मर्यादित नाही. इंग्रजीत शिकून मराठी वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाचा तो प्रश्न आहे.

बीजशब्द : सेमिनरी, ईशज्ञान, धर्मगुरू प्रशिक्षण, प्रापंचिक, व्हॅटिकन परिषद, परिभाषा, मराठी.

संज्ञेविषयी थोडेसे

'सेमिनरी' हा शब्द लॅटिन 'सेमिनारियम' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे. नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यातील वाचकाला हा अर्थ सहज उमगेल. जंबेरीचे रोप वाढवून त्यावर संत्र्याचा डोळा बांधला जातो. कलम तयार होते ते रोपवाटिकेत, पण त्याची परीक्षा होते ती शेतकऱ्याच्या जमिनीत. धर्मगुरूच्या शिक्षणाकडे पाहण्याची चर्चची दृष्टी मुळात अशीच आहे.

'थिऑलॉजी' या संज्ञेला मराठीत एकमताने स्वीकारलेला प्रतिशब्द नाही. ईशज्ञान, ईश्वरविद्या, धर्मशास्त्र असे अनेक शब्द योजले जातात. यांपैकी 'धर्मशास्त्र' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात स्मृतिग्रंथ आणि भारतरत्न पां. वा. काणे यांचा ग्रंथराज उभा राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात 'ईशज्ञान' हा शब्द वापरला आहे. विद्याशाखेच्या नावापाशीच अशी अडचण यावी, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे.

सेमिनरी शिक्षणाचा उगम

मध्ययुगीन युरोपात काही थोडे धर्मगुरू विद्यापीठांत शिकत. बहुसंख्य मात्र एखाद्या वृद्ध धर्मगुरूच्या हाताखाली उपासनाविधी शिकून दीक्षा घेत. या शिक्षणात सारखेपणा नव्हता आणि खोलीही नव्हती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीने ही उणीव उघडी पाडली. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ च्या जुलै महिन्यात ठराव केला की, प्रत्येक धर्मप्रांताने धर्मगुरूपदाच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र विद्यालय चालवावे. प्रवेशासाठी किमान १२ वर्षे वय आणि लिहिता-वाचता येण्याची अट होती. गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांच्या मुलांना वगळू नये, मात्र त्यांनी आपला खर्च सोसावा, असेही त्या ठरावात नमूद होते. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ (१५३८–१५८४) यांनी हा ठराव कसोशीने अमलात आणला. त्यामुळे जगभरातील अनेक सेमिनरींना त्यांचे नाव दिलेले आढळते.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. शिक्षणाला निश्चित अभ्यासक्रम आणि शिस्त लाभली. त्याच वेळी ईशज्ञान सेमिनरीच्या भिंतींच्या आत गेले. ते धर्मगुरूंचे ज्ञान झाले. प्रापंचिकाच्या वाट्याला प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण तेवढे उरले. लॅटिन हे अध्यापनाचे माध्यम असल्याने ही भिंत अधिकच भक्कम झाली.

गोवा आणि मराठीतील पहिले ईशज्ञान

भारतापुरते पाहावयाचे तर धर्मगुरूंच्या शिक्षणाची सुरुवात ट्रेंटच्या ठरावापूर्वीच झालेली दिसते. १५४१ मध्ये गोव्यात स्थानिक तरुणांच्या धार्मिक शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. तीच पुढे येशू संघाकडे, म्हणजे जेझुइटांकडे येऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आली. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना याच ठिकाणी सुरू झाला. सतराव्या शतकाच्या प्रारंभी साष्टी भागातील राचोल येथे येशू संघाचे विद्यालय उभे राहिले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने येशू संघाला हद्दपार केल्यानंतर त्या वास्तूत धर्मप्रांताची सेमिनरी आली आणि ती परंपरा आजतागायत चालू आहे.

मराठीच्या दृष्टीने राचोलचे महत्त्व वेगळे आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांचा 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ १६१६ मध्ये तेथे छापला गेला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ प्रापंचिकांना ऐकवण्यासाठी रचलेला होता. मराठीत काव्य म्हणून त्याचा पुष्कळ विचार झाला आहे. परंतु तो मराठीतील ईशज्ञानाचा पहिला मोठा प्रयत्नही आहे, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. स्टीफन्स यांनी पुराण हा रचनाप्रकार स्वीकारला, ओवी हा छंद स्वीकारला, स्वर्गासाठी वैकुंठासारखा शब्द वापरण्याचे धाडस केले. कोणता मराठी शब्द घेता येईल, कोणता घेतल्यास अर्थ बदलेल, कोणता शब्द नव्याने घडवावा लागेल, हा विचार त्यांना पावलोपावली करावा लागला. देवनागरी खिळे मिळावेत अशीही त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात मात्र ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला.

ही वाट पुढे रुंद झाली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या मुद्रणानंतर अवघ्या ६८ वर्षांत सत्तेचे धोरण उलट दिशेला गेले. धर्मगुरूंच्या शिक्षणात स्थानिक माणसाला कितपत स्थान द्यावे, हा वादही त्या काळी तीव्र होता. दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात दीक्षा मिळाली नाही; ते रोमला गेले, तेथे शिकले, १६३० मध्ये धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. शिक्षण कोणाला द्यावे आणि कोणत्या भाषेत द्यावे, हे दोन्ही प्रश्न येथे प्रारंभापासून परस्परांत गुंतलेले आहेत.

पुणे आणि नागपूर : आधुनिक टप्पा

भारतीय धर्मगुरूंना उच्च दर्जाचे शिक्षण भारतीय भूमीच्या जवळ मिळावे या हेतूने पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरीची स्थापना केली. भारताच्या उद्धाराचे काम भारताच्याच पुत्रांनी करावे, ही त्यामागची धारणा होती. भारत व श्रीलंका स्वतंत्र राष्ट्रे झाल्यानंतर, १९५५ मध्ये, ही सेमिनरी पुण्यास नगर रस्त्यावर आली. तिच्याशी निगडित असलेली तत्त्वज्ञान व ईशज्ञान या विषयांची उच्च शिक्षणसंस्था आज 'ज्ञानदीप' या नावाने ओळखली जाते. देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येथे येतात. धर्मगुरूपदाच्या उमेदवारांबरोबर धर्मभगिनी आणि प्रापंचिकही येथे अध्ययन करतात.

नागपूरचा इतिहास थोडा वेगळा आहे. फ्रान्समधील ॲनेसी येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी या प्रदेशात काम सुरू केले. १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५३ मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. १९५५ मध्ये अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला. सेंट चार्ल्स सेमिनरी ही एकाच धर्मप्रांताची नसून मध्य भारतातील अनेक धर्मप्रांतांचे विद्यार्थी तेथे एकत्र शिकतात.

विदर्भातील प्रोटेस्टंट परंपरेचाही येथे ओझरता उल्लेख करावयास हवा. यवतमाळ येथे १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी देशभरातील विद्यार्थ्यांना शिक्षण देत होती. १९८३ मध्ये ती पुण्यास स्थलांतरित झाली. प्रादेशिक गावातून महानगराकडे आणि प्रादेशिक भाषेच्या परिसरातून अखिल भारतीय माध्यमाकडे जाण्याची ही वाटचाल आपल्या महाविद्यालयीन क्षेत्रालाही अपरिचित नाही.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) २८ ऑक्टोबर १९६५ रोजी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी स्वतंत्र दस्तऐवज प्रसृत केला. प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीनुसार प्रशिक्षणाचा आराखडा तयार करावा, विद्यार्थ्यांना त्या प्रदेशातील अन्य धर्मांचा परिचय व्हावा, असे त्यात सुचवले होते. १९८३ च्या चर्च कायद्यानुसार तत्त्वज्ञानाची दोन व ईशज्ञानाची चार अशी किमान सहा पूर्ण वर्षे अध्ययन आवश्यक आहे. धर्मगुरूपदाच्या दीक्षेसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या प्रशिक्षणाची चार अंगे सांगितली : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाकार्यविषयक. ८ डिसेंबर २०१६ रोजी रोमने जाहीर केलेल्या मार्गदर्शक आराखड्यात याच चौकटीवर आधारित पुढील टप्पे ठरवून दिले आहेत.

पहिला टप्पा पूर्वतयारीचा. यात प्रार्थना, स्वतःची ओळख आणि आपल्या निर्णयाची पारख यांवर भर असतो. दुसरा टप्पा तत्त्वज्ञानाचा. तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, नीतिशास्त्र, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास आणि भारतीय दर्शने हे विषय यात येतात. ईशज्ञानापूर्वी तत्त्वज्ञान का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. श्रद्धेची मांडणी बुद्धीला समजेल अशा रीतीने करावयाची असेल तर आधी बुद्धीची साधने तासून घ्यावीत, ही त्यामागील भूमिका होय. तिसरा टप्पा ईशज्ञानाचा. बायबलमधील जुना व नवा करार, श्रद्धातत्त्वांची मीमांसा, नैतिक ईशज्ञान, उपासनाशास्त्र, चर्चचा इतिहास, चर्चचा कायदा, प्रवचनकला आणि समुपदेशन यांचा त्यात समावेश असतो. शेवटचा टप्पा प्रत्यक्ष सेवाकार्याचा. यात उमेदवार एखाद्या धर्मग्रामात राहून डीकन म्हणून काम करतो. पदवीपूर्व शिक्षण, विद्यापीठाची पदवी आणि मधल्या काळातील क्षेत्रकार्य धरले तर हा प्रवास बहुधा दहा-बारा वर्षांचा होतो.

अध्यापनपद्धतीच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, मूल्यमापन केवळ लेखी परीक्षेवर अवलंबून नसते. विद्यार्थ्याचे सहजीवन, संयम, लोकांशी वागण्याची रीत यांचेही वर्षानुवर्षे निरीक्षण होते आणि उत्तम गुण मिळवणाऱ्यासही दीक्षेस अपात्र ठरवता येते. धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या शोषणाची प्रकरणे जगभर उजेडात आल्यानंतर या निरीक्षणाला अधिक महत्त्व आले आणि २०१६ च्या आराखड्यात अल्पवयीनांच्या संरक्षणाचा विषय प्रशिक्षणाचा भाग करण्यात आला. दुसरी गोष्ट म्हणजे पदव्यांची रचना. पोपच्या अधिकाराने मान्यता मिळालेल्या विद्याशाखांत प्रथम पदवी, त्यानंतर दोन वर्षांचे लायसेन्शिएट आणि शेवटी डॉक्टरेट अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. तिचे नियमन २०१७ च्या 'व्हेरितातिस गाउदियुम' या घटनापत्रानुसार होते.

भाषेचा प्रश्न

या साऱ्या अध्ययनाचे माध्यम दीर्घकाळ लॅटिन होते. दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू होण्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी सेमिनरीत लॅटिनचा वापर दृढ करावा असा आदेश दिला होता. डिसेंबर १९६३ मध्ये त्याच परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली. पुढील काही वर्षांत महाराष्ट्रातील चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. वेदी आणि व्यासपीठ यांची भाषा बदलली. वर्गाची भाषाही बदलली, परंतु लॅटिनच्या जागी तेथे इंग्रजी आली.

यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. एकाच वर्गात वसईचा, केरळचा, छत्तीसगढचा आणि नागालँडचा विद्यार्थी बसतो. ग्रंथालयातील बहुसंख्य ग्रंथ इंग्रजीत आहेत. पुढील शिक्षणासाठी युरोपात जावयाचे तर इंग्रजी उपयोगी पडते. नागपूरसारख्या ठिकाणी तर सावनेर ओलांडताच मध्य प्रदेशाची सीमा लागते. मराठी की हिंदी, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. इंग्रजीचा स्वीकार हा सोयीचा आणि बऱ्याच अंशी अपरिहार्य निर्णय होता, हे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

तो विचार असा की, ईशज्ञानात भाषा ही केवळ वाहन नसते. काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. देवाने मनुष्यदेह धारण केला या श्रद्धातत्त्वासाठी 'अवतार' हा शब्द मराठी माणसाच्या ओठांवर तयार आहे. परंतु अवतार अनेक होतात, युगायुगांत होतात. चर्चच्या मते मात्र ही घटना इतिहासात एकदाच घडली. म्हणून 'देहधारण' हा शब्द योजावा लागतो. 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ येतो. त्याऐवजी ख्रिस्ती मराठीत 'तारण' हा शब्द रूढ झाला. पण सहकारी बँकेच्या व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली मालमत्ता. पवित्र त्रैक्यातील तिघांना 'तीन व्यक्ती' म्हणावे, तर आजच्या मराठीत त्याचा अर्थ तीन स्वतंत्र माणसे असाच होतो. 'संस्कार' हा शब्द कॅथलिक मराठीत उत्तम रुजला आहे, कारण जन्म, विवाह, अंत्यविधी यांना जोडणारी त्याची अर्थच्छाया जुळणारी होती.

यांतील प्रत्येक शब्द निवडताना श्रद्धातत्त्वाचा नव्याने विचार करावा लागतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण त्या भाषेत या संज्ञा शतकानुशतके घासून ठरल्या आहेत. तो प्रथमच उभा राहतो तो दीक्षेनंतर, एखाद्या खेड्यातील प्रवचनात किंवा तरुण मुलगा गमावलेल्या आईच्या घरी. त्या वेळी धर्मगुरूजवळ सहा वर्षांचे ज्ञान असते, पण ते सांगण्यासाठी लागणारे शब्द त्याने कधी तपासून घेतलेले नसतात. मग तो पाठ केलेल्या प्रार्थनेचा आधार घेतो किंवा इंग्रजी वाक्याचे शब्दशः मराठी करतो. शोक करणाऱ्या माणसाला दोन्हींचा उपयोग होत नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू सामाजिक आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील कॅथलिक समाज बहुतांशी दलित आणि ग्रामीण आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि इंग्रजी या दोन्हींशी एकाच वेळी झुंज द्यावी लागते. तो मंद नसतो. त्याची बुद्धी भाषांतरात खर्च होत असते. ट्रेंटच्या परिषदेने ज्या गरीब मुलांना प्राधान्य द्यावे असे म्हटले, त्यांच्याच वाटेत माध्यम आडवे येऊ शकते. विदर्भातील महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या अध्यापकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

मराठीशी जोडणारे प्रयत्न

असे असले तरी हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९०३ मध्ये जर्मन येशूसंघीय हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. ग्रामीण ख्रिस्ती वाचकाला धर्मविषयक लेखन नियमितपणे मराठीत मिळण्याची सोय त्यामुळे झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राच्या संतपरंपरेकडे कॅथलिक अभ्यासकांचे लक्ष वळले. ग्य देलरी या फ्रेंच येशूसंघीयांचा विठ्ठल-संप्रदायावरील ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पुण्यात स्नेहसदन ही संस्था उभी करणारे मॅथ्यू लेदर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तात्त्विक विचारप्रवाहांवर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. बेल्जियमहून आलेले रिचर्ड डी स्मेट यांनी पुण्यात अनेक वर्षे अध्यापन करताना शंकराचार्यांच्या विचाराचा मूलगामी अभ्यास केला. वसईच्या धर्मप्रांताचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरील प्रबंध १९८७ मध्ये ज्ञानदीपने प्रकाशित केला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि विठ्ठलावरील, महाराष्ट्रातील विचारप्रवाहांवरील आणि तुकारामांवरील हे तिन्ही ग्रंथ इंग्रजीत लिहिले गेले, ही वस्तुस्थितीही नोंदवली पाहिजे. मराठी संतांचा अभ्यास झाला; परंतु त्या अभ्यासाची भाषा मराठी झाली नाही.

या पार्श्वभूमीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे उदाहरण ठळकपणे उठून दिसते. सेमिनरीत रीतसर शिक्षण घेतलेल्या या वसईच्या धर्मगुरूंनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि वसईच्या पर्यावरण चळवळीत मराठीतूनच समाजाशी संवाद साधला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान प्रथमच मिळाला. त्यांची मराठी ही सेमिनरीची देणगी नव्हती. ती त्यांनी गावातून आणि वाचनातून मिळवली होती. एका व्यक्तीच्या कष्टाने जे साधले ते व्यवस्थेने साधावे, अशी अपेक्षा चुकीची ठरणार नाही.

प्रापंचिकांचे ईशज्ञान अध्ययन

ट्रेंटनंतर उभी राहिलेली भिंत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने खाली आणण्यास सुरुवात केली. अनेक प्रापंचिकांनी धर्मविद्यांचे पुरेसे शिक्षण घ्यावे आणि काहींनी त्यात संशोधनही करावे, अशी आशा परिषदेने व्यक्त केली. १९८३ च्या चर्च कायद्याने चर्चच्या विद्यापीठांत व विद्याशाखांत प्रवेश घेऊन पदव्या मिळवण्याचा प्रापंचिकांचा हक्क स्पष्टपणे मान्य केला. यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये समाप्त झालेल्या जागतिक सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने आणखी पुढे जाऊन, धर्मगुरूंच्या प्रशिक्षणप्रक्रियेत स्त्रियांचा लक्षणीय सहभाग असावा, असे म्हटले आहे.

कागदावर मिळालेला हा हक्क मराठी प्रापंचिकापर्यंत कितपत पोहोचतो? प्रत्यक्षात खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षणाचा भार पूर्वीपासून प्रापंचिकांनीच वाहिला आहे. अहमदनगर मिशनच्या काळात गावचा 'मास्तर' हाच शाळा चालवी, प्रार्थना घेई आणि मुलांना धर्मशिक्षण देई; धर्मगुरूची फेरी महिन्या-दोन महिन्यांनी होई. आज रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांत शिकवणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. ईशज्ञानाची खरी गरज या वर्गाला आहे, कारण मुलांचे अवघड प्रश्न प्रथम त्यांच्याच समोर येतात. परंतु त्यांना पदवी-पातळीचे अध्ययन करावयाचे असेल तर पुन्हा इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. धर्मगुरूला निदान दहा वर्षांत इंग्रजी आत्मसात करण्याची संधी मिळते. संसार व नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षिकेला ती मिळत नाही. लॅटिनची भिंत गेली तरी प्रापंचिकापुरती भिंत उरलीच.

काय करता येईल?

चर्चचा कायदा उमेदवारांना देशभाषा काळजीपूर्वक शिकवावी असे सांगतोच. प्रश्न अंमलबजावणीच्या पद्धतीचा आहे. संपूर्ण अभ्यासक्रम मराठीत नेणे व्यवहार्य नाही. मात्र तीन गोष्टी शक्य कोटीतील आहेत.

पहिली, तत्त्वज्ञानाच्या टप्प्यात मराठी साधनांचा वापर. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ पासून उपलब्ध आहे. 'परामर्श'सारख्या नियतकालिकाने तात्त्विक गद्याची परंपरा जोपासली आहे. मराठी भाषक विद्यार्थ्यांनी किमान एक प्रबंधिका मराठीत लिहावी, एवढी अटही उपकारक ठरेल. दुसरी, ईशज्ञानाच्या परिभाषेची चर्चा हा स्वतंत्र अभ्यासघटक व्हावा. अवतार, देहधारण, मोक्ष, तारण, कृपा, संस्कार या शब्दांचा इतिहास 'ख्रिस्तपुराणा'पासून आजपर्यंत तपासणे हे भाषाभ्यास आणि ईशज्ञान या दोन्हींचे काम आहे. तिसरी, विद्यापीठांतील मराठी व तत्त्वज्ञान विभाग आणि सेमिनरी यांच्यात नियमित देवाणघेवाण. या तिसऱ्या बाबतीत आपल्यासारख्या महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. 'ख्रिस्तपुराण' मराठीच्या वर्गात शिकवणारा प्राध्यापक आणि ईशज्ञान शिकवणारा धर्मगुरू एकमेकांना भेटत नाहीत, यात नुकसान दोघांचेही आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० उच्च शिक्षणात भारतीय भाषांचा पुरस्कार करते. परंतु भाषा ज्ञानभाषा होते ती दर्जाने किंवा धोरणाने नव्हे. अवघड विषय त्या भाषेत मांडण्याचे कष्ट कोणीतरी घेतल्याने.

निष्कर्ष

१. सेमिनरी शिक्षण ही तत्त्वज्ञान, ईशज्ञान, चारित्र्यघडण आणि क्षेत्रकार्य यांचा मेळ घालणारी, किमान सहा वर्षांच्या अध्ययनावर आधारलेली व्यवस्था असून तिचा अभ्यास शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे.

२. मराठीत ईशज्ञान मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १६१६ मध्येच झाला होता. ती परंपरा पुढे खंडित झाली, याचे कारण भाषेची असमर्थता नसून सत्तेचे धोरण आणि माध्यमाची सोय हे होय.

३. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, तरी उच्च अध्ययनाची भाषा लॅटिनऐवजी इंग्रजी झाली. परिणामी परिभाषेचा विचार सेमिनरीत होण्याऐवजी तो दीक्षेनंतर एकेकट्या धर्मगुरूवर येऊन पडतो.

४. प्रापंचिकांना १९८३ पासून ईशज्ञानाच्या पदव्यांचा हक्क आहे. मराठी साधनांच्या अभावी तो मर्यादित राहिला आहे.

५. मराठी व तत्त्वज्ञान विभाग आणि सेमिनरी यांच्यातील सहकार्य दोन्ही बाजूंना लाभदायक ठरेल.

सेमिनरी म्हणजे रोपवाटिका, हे आरंभी सांगितलेच आहे. रोपवाटिकेत कलमाची निगा कितीही राखली तरी ते लावावयाचे असते दुसऱ्या जमिनीत. ती जमीन मराठी असेल, तर तिची ओळख कलम बांधतानाच करून घेणे इष्ट ठरेल. सेमिनरी हिल्सवरील वर्गाला हे जितके लागू आहे, तितकेच ते सावनेरच्या महाविद्यालयातील वर्गालाही लागू आहे.